तारांचा तमाशा

३ जानेवारी १९९५, अंबड
डोकं फिरलंय. बद्रीनाथ केबलवाल्यानं लग्नातला व्हिडिओ कॅमेरा, जुना व्हीसीआर आणि गच्चीवरची डिश एकमेकांना जोडली अन् झाला पत्रकार! रोज सातला गावच्या बातम्या म्हणे. मी अठरा वर्षं 'कडाका' साप्ताहिक काढतोय. वायरी जोडून पत्रकारिता होत नसते. पंधरा दिवसांत बंद पडेल.

१० जानेवारी
सकाळी मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गंजीला आग. मी बारा पानं टिपणं घेतली. संध्याकाळी घरी येतो तर आमच्या सौ. गिरिजाबाई टीव्हीवर तीच आग बघून राह्यल्या! म्हणालो, शुक्रवारी 'कडाका'त सविस्तर वाच. म्हणाली, "तवर इझंल की ती."
निषेध म्हणून जेवलो नाही. (दोन भाकरी सोडून.)

१३ जानेवारी, शुक्रवार
अग्रलेख 'तारांचा तमाशा'. जळजळीत! कंपोझिटर पुंजारामनं शिशाचे खिळे जुळवताना दोनदा डोळे चोळले. इतका परिणाम. बद्रीनाथ हादरणार.

१५ जानेवारी
हादरला नाही. वाचलाच नाही.

१६ जानेवारी
बद्रीनाथच्या दुकानात जाऊन त्याला वीस मिनिटं झापला. हरामखोर हसून म्हणतो, "बोला काका, बोला, बराबर चाल्लंय." कॅमेरा चालू होता!
सातच्या बातम्यांत मला दाखवलं. वीस मिनिटांतलं अर्धं मिनिट. विचार सगळे कापले. टेबलावर मूठ आपटतो तेवढं ठेवलं. खटला भरणार.

१७ जानेवारी
एसटी स्टँडवर चौघांनी नमस्कार केला. तहसीलचा शिपाई म्हणाला, "लई भारी तापता, साहेब!" जनता माझ्या विचारांमागे उभी आहे. खटला तूर्त पुढे.

१८ जानेवारी
बद्रीनाथ घरी आल्ता. रोज पाच मिनिटं केबलवर येऊन तापा म्हणतो. विषय कोणताही. नीच माणूस! हो म्हणालो. शत्रूला आतून पोखरायचं.

१९ जानेवारी
दिवसभर आरशासमोर तालीम. विषय: नगरपालिकेचे नळ. गिरिजा म्हणते मूठ जरा वर घ्या, दिसत न्हाई.

२१ जानेवारी
काल 'कडाका' निघाला नाही. तापण्याच्या गडबडीत मजकूर द्यायचा राहिला. अठरा वर्षांत पहिल्यांदा. वाचक खवळणार, म्हणून दिलगिरी पाठ करून सकाळी सातपासून छापखान्याच्या दारात बसलो.
बारा वाजले. कोणी नाही.
जेवून आलो. पुंजारामला विचारलं, मागं कोणी येऊन गेलं का?
म्हणाला, एक बाई आल्ती. केबलच्या जोडणीसाठी नाव कुठं लिहायचं, विचारत होती.