दुसऱ्या दिवशीचा तिळगूळ

माय,

आज शाळेतून घरी येताना आधी आक्कांची आठवण झाली आणि त्यांच्या मागून तुझी. रागावू नकोस, क्रम असाच लागला. शाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईंची आई परवा वारली. त्या बाई आणि मी शिक्षकांच्या पतपेढीच्या निवडणुकीत समोरासमोर उभ्या होतो. त्या निवडून आल्या, मी पडले, आणि प्रचारात त्या माझ्याबद्दल जे बोलल्या ते अजून मला झोंबतं. तेव्हापासून आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकींकडे पाठ करून डबा खातो. आता त्यांच्या दारात भेटायला जायचं की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. तुला हसू येईल. तुझ्यापुढचा याहून फार मोठा होता.

ग्रामपंचायतीत बायकांच्या जागा वाढल्या, त्या निवडणुकीत तू आणि आक्का वेगवेगळ्या पॅनलमधून मेंबर झालात आणि मग सरपंचपदासाठी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिलात. आक्का म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतीवाल्या घरची सून, आणि तू आपल्या बौद्ध वस्तीतली, चार बुकं शिकलेली, तोंडाने फटकळ. पारावर आक्का म्हणाल्या, "हिला खुर्चीवर बसिवलं तर हापिसातलं पाणी कोन पेणार?" तू गप्प बसणाऱ्यातली नव्हतीसच. तू आपल्या वस्तीत सांगितलंस, "आक्काला काय, मालक बोट दावंल तिथं अंगठा लावायचा." दोघींनीही नेम धरून मारलं होतं आणि दोघींनाही बरोबर लागलं होतं. आक्का जिंकल्या. त्या दिवशी तू भाकरी थापताना परातीवर असा काही हात आपटत होतीस की बा जेवायला आतच आला नाही.

मग बैठका सुरू झाल्या आणि खरी गंमत कळली. आत सतरंजीवर आक्कांचे मालक, आपला बा आणि बाकीचे पुरुष. बाहेर ओट्यावर तुम्ही दोघी, एक या टोकाला, एक त्या टोकाला. शेवटी शिपाई रजिस्टर बाहेर आणणार आणि तुम्ही सही-अंगठा करून घरी जाणार. गावात कुणालाच यात वावगं वाटत नव्हतं. आपल्या बापालाही नाही, हे लिहून ठेवते, कारण तुझ्यासमोर ते बोलायची माझी हिंमत नव्हती. एकदा मी तुझ्यासाठी डबा घेऊन आले होते. आक्का पदराने वारा घेतायत. आतून हसण्याचा आवाज येतो. आक्का तुझ्याकडे न बघताच विचारतात, "मेंबरीनबाई, आत काय चालायलंय?"

"आपलंच चालायलंय," तू म्हणतेस, "आपल्याबिगर."

आक्कांना हसू आवरेना. थोड्या वेळाने त्या उठल्या, तूही उठलीस. एकटीने आत जायची छाती दोघींचीही नव्हती, म्हणून बरोबर गेलात. आत गेल्यावर मात्र हापसा वरच्या आळीत की आपल्या वस्तीत यावरून तुम्ही असं कडाक्याचं भांडलात की पुरुषांना तोंड उघडायला जागा मिळाली नाही. हापसा आपल्याकडे आला. पुढच्या बैठकीत रस्ता त्यांच्याकडे गेला. आत भांडायचं आणि बाहेर पडल्यावर चावडीच्या वळणापर्यंत बरोबर चालत यायचं, ही तुमची रीत पडली. तुम्ही त्यांना "सरपंचीनबाई" म्हणून चिडवायचीस, म्हणजे तू. बघ, त्यांची आठवण निघाली की मी तुलाही अहो-जाहो करायला लागते.

एका गोष्टीवर तुम्ही कधीच बोलला नाहीत. विद्यापीठाच्या नामांतरावर. आक्कांचा थोरला त्या नावाच्या विरोधात रस्त्यावर बसत होता. आणि तुझ्या माहेरी त्याच नावापायी तुझ्या भावाचं घर जाळलं होतं. मामा जळका दरवाजा तसाच लावून त्यात राहत होता. मला तेव्हा तुझी चीड यायची. परभणीत कॉलेजला होते, मोर्चात घोषणा देऊन घसा बसायचा, आणि सुटीत पालममार्गे एसटीने गावी यावं तर तू त्या घरच्या बाईबरोबर हसत वळणावर उभी. मी तुला स्वाभिमान नसलेली म्हणाले होते. तू म्हणालीस, "असू दे." आणि डाळीतले खडे निवडत बसलीस.

मग ती संक्रांत. रेडिओवर बातमी आली की विद्यापीठाला नाव मिळालं, आणि आपली वस्ती नुसती उसळली. म्हातारी माणसं रडत होती. निळा गुलाल, फटाके, पालमहून आणलेले पेढे. वरची आळी बंद दारांनी गप्प होती आणि वेशीवर पोलिसांची जीप उभी होती. तू लुगडं बदललंस, डब्यात पेढे भरलेस आणि निघालीस. "कुठं?" मी विचारलं. "सरपंचीनबाईकडं." बा म्हणाला, आज नको. मी म्हणाले, आज तरी नको. तू चपला घातल्यास. मी मागोमाग आले, तुला सोबत म्हणून नव्हे, अडवायला.

आक्कांच्या ओसरीवर हळदीकुंकू चाललं होतं. नव्या साड्यांतल्या बायका एका ओळीत बसलेल्या. तू पायरीशी थांबलीस आणि सगळ्या तुझ्याकडे वळल्या.

"पेढा आनलाय, आक्का."

"कशाचा?" त्यांना ठाऊक होतं.

"नावाचा."

आक्का पुढे आल्या. मग म्हणाल्या, "तुज्या हातचं खाईन मी. आता तसलं काई ऱ्हायलं न्हाई माज्यात. पन नावाचं न्हाई खायची. माजा लेक हाय त्यात." आणि ताटातला तिळाचा लाडू उचलून तुझ्यापुढे धरला. "ह्यो घे."

"सनाचं मी घेत न्हाई. आमी सन सोडले, तुमाला ठावं हाय."

दोघींचेही हात पुढे, आणि दोघींचंही घेतलं जाईना. ओळीतली एक बाई खोकली. मला वाटलं, संपलं. आता उद्यापासून ना वळण, ना हापसा, आणि मला बरंच वाटलं. तेवढ्यात तू म्हणालीस, "मंग उद्या खा. उद्या त्यो नुसता पेढा असंल."

आक्कांच्या तोंडावर ते ओट्यावरचं हसू आलं. "अन् ह्यो बी उद्या नुसता लाडूच की गं."

पेढा ताटात गेला, लाडू डब्यात आला. घरी परतताना वळणाशी येऊन तू पदर तोंडाला लावून रडलीस. मामासाठी रडलीस की आणखी कशासाठी, मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर तू तो लाडू खाल्लास, दाताखाली तीळ कडकड वाजवत. मी खोचून म्हटलं, "त्यांनी तुझा खाल्ला असेल कशावरून?"

"इचाराया जाऊ व्हय?" तू म्हणालीस. "तिनं घेतला. तेवढं बास."

तेवढं बास मला कधीच जमलं नाही, माय. समोरच्याने मनापासून घेतलं का, पुढे खाल्लं का, चूक कबूल केली का, सगळी खात्री झाल्यावरच माझा हात पुढे होतो. म्हणजे होतच नाही. तू आक्कांना माफ केलं होतंस असं मी लोकांना सांगते. खरं तर तसं तू कधी म्हणाली नव्हतीस. तू नुसती गेली होतीस, त्यांच्या दारापर्यंत, सगळ्यांच्या देखत.

त्या बाईंचं घर इथून दोन गल्ल्यांवर आहे. मघाशी मी चपला घातल्या होत्या, मग काढल्या आणि तुला लिहायला बसले. हापशाचं भांडण, ते ओळीतलं खोकणं, एवढं सगळं सविस्तर सांगायची खरं तर गरज नव्हती. तुला ते माहीतच आहे. पत्र संपलं की उठावं लागेल, म्हणून मी ते लांबवत होते.