लिंडेनकाम्पचा दोन नंबरचा संघ आणि माझं तीन तारखेचं विमान

एनस्खेडे,
सोमवार, २४ ऑगस्ट २०२०

ती. दिलीपमामा यांस,
रविराजचा सविनय जयभीम. मामींनाही सांगा.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही दीदीला एक सांगता आणि मला एक, त्यामुळे आमच्या दोघांत इथे मतभेद आहेत. मामी अजून भाजी साबणाच्या पाण्यात धुतात का? त्यांनी दुधाच्या पिशव्या दोरीवर वाळत घातल्याचा फोटो पाठवला होता, तो मी शेजाऱ्यांना दाखवला. त्यांनी आदराने विचारलं, हा तुमचा कुठला सण? मी हो म्हणालो. दीदी बरी आहे, युनिव्हर्सिटीचं सगळं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावरून करते आणि मीटिंग चालू असताना मला फोडणी करायला बंदी आहे. मी पण बरा आहे. (वजन वाढलंय. इथे चीज स्वस्त आहे, त्याला कोण काय करणार.) तुम्ही मागे म्हणालात की व्हॉइस मेसेज ऐकायला मी काही रेडिओ लावून बसलेलो नाही, काय ते नीट लिहून कळव. म्हणून हे हाताने लिहिलंय. पोस्टाचा सध्या भरवसा नाही, तेव्हा पानांचे फोटो काढून पाठवतो आहे. पान चार आधी उघडलं तर कृपया परत एकवर या.

तुमचा प्रश्न असा की, इथे अडकलेल्यांना भारतात परत नेणाऱ्या तीन सप्टेंबरच्या विशेष विमानात तुम्ही ओळखीने, हातापाया पडून माझं नाव घालून घेतलं, ते मी कोणाला विचारून काढलं? मामा, याचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं तर दिलं असतं, पण ते सुरू होतं १९५१ साली.

आमच्या खालच्या मजल्यावर व्हेसलिंग नावाचे आजोबा राहतात. वय एकोणऐंशी. आहेत जर्मन, पण बायको डच होती म्हणून चाळीस वर्षं सीमेच्या या बाजूला. (सीमा म्हणजे गेट, बंदूक, झेंडा असं काही मनात आणू नका. सायकलच्या रस्त्यावर एक दगड आहे. दगडाच्या अलीकडे डच लोक, पुढे जर्मनी. लॉकडाऊनमध्ये सुद्धा ती बंद नव्हती, नुसतं जाऊ नका म्हणत होते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दगड दिसलाच नाही, एका बेकरीत पाटी वाचली तेव्हा कळलं की आपण परदेशातून अजून एका परदेशात आलोय.) आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एप्रिलमध्ये होतं, ते करोनामुळे पुढे गेलं. त्यांना वाचायला माणूस हवा होता आणि मी दिवसभर जिन्यात बसलेला असायचो, कारण वर मीटिंग. असं आमचं जमलं.

वाचायचं काय, तर सत्तावीस काळ्या वह्या. दगडापलीकडे लिंडेनकाम्प नावाचं गाव आहे, तिथल्या फुटबॉल क्लबच्या दोन नंबरच्या संघाचा १९५१ पासूनचा सगळा इतिहास. तारीख, कोणाविरुद्ध, किती गोल, कोण खेळलं, कोणाला लागलं. आकडे आणि नावं वाचायला जर्मन कशाला यावं लागतंय? मी नावं माझ्या पद्धतीने वाचायचो, आजोबा डोळे मिटून ऐकायचे, मग एकदम हसायचे आणि मोडक्या इंग्लिशमध्ये त्या माणसाची गोष्ट सांगायचे. त्यांचं इंग्लिश आणि माझं इंग्लिश एकाच गॅरेजमधून आलेलं आहे, त्यामुळे अडचण आली नाही.

आता दोन नंबरचा संघ म्हणजे काय, ते सांगतो. तिथे प्रत्येक क्लबाचा एक मुख्य संघ असतो आणि मागे एक दुसरा. मुख्य संघाची मॅच रविवारी तीनला, लोक बघायला येतात. दुसऱ्याची त्याच मैदानावर एकला, तेव्हा लोक घरी जेवत असतात. मुख्य संघात कोणाचा पाय मुरगळला की दुसऱ्यातला चांगला माणूस वर उचलायचा, आणि वर कोणी सुमार निघाला की खाली सोडायचा. शर्ट पण मुख्य संघाचे उतरलेले. एकोणीसशे त्रेसष्टला म्हणे मुख्य संघाने ऐन वेळी तीन माणसं ओढून नेली आणि हे आठ जण खेळले, त्यात गोलकीपर गावचा बेकर, तो भट्टी बघायला मध्यंतराला गेला तो आलाच नाही. एक्क्याऐंशीत एकोणीस गोल खाल्ले. आजोबा म्हणतात ती आमची सगळ्यात चांगली मॅच, कारण बॉल गोलकडे पन्नास वेळा आला होता. आजोबा स्वतः अठरा वर्षं या संघात डावीकडे बचावाला. मुख्य संघात एकदाच बोलावणं आलं, तेव्हा नव्वद मिनिटं बाकावर बसले, अंगातला स्वेटर पण काढला नाही. ती तारीख मात्र त्यांना वहीशिवाय पाठ आहे.

आणि मामा, चौऱ्याहत्तर. त्या वर्षी दोन नंबरचा संघ आपल्या गटात पहिला आला. पहिला आला की वरच्या गटात जायचं. पण वरच्या गटात त्यांचा स्वतःचाच मुख्य संघ खेळत होता, आणि एका क्लबाचे दोन संघ एका गटात चालत नाहीत. थोरलीचं जमल्याशिवाय धाकटीचं करायचं नाही, तसं. धाकटीला स्थळ सांगून आलेलं परत पाठवलं. बरं, पुढच्या वर्षी मुख्य संघ हरत हरत खाली घसरला तो नेमका यांच्या गटात, म्हणून यांना अजून एक पायरी खाली ढकललं. जिंकून वर नाही, न हरता खाली. मी ते वाचलं तेव्हा आजोबांना विचारलं की तुम्ही कोणी भांडलात का? ते म्हणाले, भांडलो ना, आपसात.

मला हे सगळं फार आवडलं. (तुम्ही म्हणाल, तुला काय, मागे मधमाश्या पाळणं आवडलं होतं, त्याआधी ड्रोन. ते वेगळं होतं, मधमाश्यांनी ते संपवलं.) तर जुलैत बातमी आली की करोनानंतर दोन नंबरच्या संघात नऊच खेळाडू उरलेत, सबब क्लब तो बंद करणार. अध्यक्ष उंच बाई आहेत, सरळ बोलतात. त्या म्हणाल्या, रविवार तेवीस ऑगस्ट, संध्याकाळी सहापर्यंत सोळा सह्या झाल्या तर संघ राहील, नाहीतर वह्या कपाटात ठेवा. आजोबांनी ठरवलं की इतिहास छापायचा, जुन्या खेळाडूंना बोलवायचं, ते वाचतील, त्यांचं रक्त तापेल, ते घरच्या पोरांना पाठवतील. आजोबांची नात लीके टायपिंगला बसली, इतिहास चाळीस पानी झाला. बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं.

इथे चूक झाली, पण ती तुम्ही पण केली असती. वह्यांतल्या पत्त्यांवरून बासष्ट घरं निघाली. मी कार्डाचा मजकूर इंग्लिशमध्ये लिहिला, लीकेने जर्मन केला. मजकूर आपल्याकडे असतो तसाच. आपण सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य यावे आणि भोजनाचा स्वीकार करावा. आता मला सांगा, आपल्याकडे हे वाचून कोण इष्टमित्र घेऊन येतो? ती लिहायची पद्धत आहे. न लिहिलं तर माणूस रुसतो. लीकेला वाटलं आजोबांनी ठरवलं असेल, आजोबांना दिसत नाही, कार्डं गेली. चौथ्या दिवशी फोन सुरू झाले. आम्ही सहा जण येऊ, दोन मुलं. आम्ही नऊ, त्यातले तीन इष्टमित्र, चालतील ना? आमच्या सुनेला शेंगदाणे चालत नाहीत. जेवण नक्की किती वाजता? एका गृहस्थांनी विचारलं की परिवारात कुत्रा धरायचा का. शेवटी एकशे सदतीस माणसं झाली. मी दीदीला सांगितलं तेव्हा तिने मीटिंगचा कॅमेरा बंद केला.

"रव्या," ती म्हणाली, "इथे लग्नाला चाळीस माणसं बोलावतात. आणि तीही अर्धी कॉफी पिऊन घरी जातात."

मी म्हणालो, आपण सांगू गैरसमज झाला. ती म्हणाली, कार्डावर छापलंय, ही माणसं छापलेलं खरं धरतात, आता माघार घ्यायची नाही. मग जी काही ती उभी राहिली, मामा, तुम्ही पाहायला हवं होतं. एनस्खेडेतल्या दोन मराठी घरांतून कुकर आले, तुर्की दुकानातून तांदळाची पोती आली, मसालेभात आणि काकडीची कोशिंबीर. (दाण्याचं कूट न घालता. चव गेली, पण सून वाचली.) पातेली पुढे पेटी असलेल्या सायकलीवर घालून मी दगडापलीकडे पाच खेपा केल्या. चौथ्या खेपेला वाटेत एक बगळा पातेल्याकडे बघत होता, त्याच्याबद्दल मला बरंच लिहायचं होतं, पण पान संपत आलंय.

काल दुपारी अध्यक्षबाईंनी गर्दी पाहिली आणि त्यांचा मास्क जागच्या जागी वर-खाली झाला. पण नियमाला पक्क्या. मैदानावर दीड-दीड मीटरवर चुन्याचे ठिपके मारून घेतले, दारात प्रत्येकाचं नाव-पत्ता-फोन लिहून घेतला, आणि एकेका ठिपक्यावर एकेक घर. मधे मी मास्क लावून पळीने भात वाढत हिंडतोय. इतिहासाचं म्हणाल तर एकानेही वाचला नाही. कागदी थाळ्या लेच्यापेच्या होत्या, म्हणून सगळ्यांनी इतिहास खाली आधाराला धरला. चौऱ्याहत्तर सालावर तेल सांडलं. पण मामा, ठिपक्यांवरून माणसं एकमेकांना ओरडून हाका मारत होती, पाच महिने कोणी कोणाला भेटलेलं नव्हतं. तो बेकर आला होता, नव्वदीचा. कोणीतरी लांबून विचारलं, भट्टी बघून झाली का? तो म्हणाला, अजून बघतोय. आजोबांना लांबचं काही दिसत नव्हतं, ते आवाजावरून एकेकाचं नाव सांगत होते आणि एकही चुकलं नाही.

सह्या व्हायला लागल्या. नऊ होते, नातवंडं-जावई धरून बारा झाले, भाताच्या दुसऱ्या वाढपानंतर पंधरा. मग थांबलं. सहाला दहा कमी असताना आजोबा उठले आणि चाचपडत टेबलाशी जाऊन स्वतः सही करायला लागले. बाईंनी हळूच कागद ओढून घेतला. म्हणाल्या, डॉक्टरांचा दाखला लागेल, व्हेसलिंग. आजोबा पेन मात्र सोडेनात. मला ते बघवेना म्हणून मी पातेलं खरवडायला लागलो. पातेलं रिकामंच होतं.

मग पळी खाली ठेवून मी तिथे गेलो आणि म्हणालो, माझं लिहा.

आजोबांनी विचारलं, "तू कधी खेळला आहेस?"

"नाही."

"उत्तम," ते म्हणाले, "दोन नंबरला चालतं." आणि पेन माझ्या हातात दिलं.

दीदी मागून मराठीत म्हणाली की याला दहावीला क्रीडेचे गुण सुद्धा मिळाले नव्हते, पण ते तिथे कोणाला कळलं नाही. बाईंनी मोजलं, सोळा. घड्याळ पाहिलं, पाच पंचावन्न. मग त्यांनीही थाळी मागितली, आणि मला पातेलं उलटं करून दाखवावं लागलं.

तर पहिली मॅच सहा सप्टेंबरला, रविवारी, एक वाजता. विमान तीन तारखेला. आता तुम्हीच सांगा, सोळावा माणूस तीनला निघून गेला तर ती सही कशाची? दहा तारखेच्या विमानात जागा आहे, मी नाव दिलंय, आणि इथल्या सरकारने अडकलेल्यांना वाढवून दिलेली मुदत तेरापर्यंत आहे. तोवर इथला कुठला नातू खेळण्याच्या वयात येणार नाही, पण एकाचा भाचा हॅम्बर्गहून परत राहायला येतोय, तो माझी जागा घेईल असं ठरलंय. मी आयुष्यात पहिल्यांदा बदली माणूस देऊन मग सोडतोय. एवढं लक्षात घ्या. लहानांना आशीर्वाद, मामींना साष्टांग वगैरे नको, नुसती आठवण सांगा.

आपला भाचा,
रविराज

ता. क. खरं काम राहिलंच. परदेशी माणसाची नोंदणी करायची तर मायदेशात तो कुठल्या संघात अडकलेला नाही असा कागद लागतो. वरून मोठ्या संस्थेकडून यायचा तो बाई बघतील, पण आधी काहीतरी हातात द्या म्हणतात. तुम्ही अंबरनाथच्या प्रगती क्रीडा मंडळाचे सेक्रेटरी आहात. तर मंडळाच्या लेटरहेडवर लिहून द्यावं की श्री. रविराज हे आमच्या किंवा इतर कुठल्याही संघाकडून कुठलाही खेळ कधीही खेळलेले नाहीत. यात तुम्हाला एक शब्द खोटा लिहावा लागणार नाही. गोल शिक्का मारा. गुरुवारपर्यंत हवं.

ता. क. २. बदली खेळाडू पाच लागतात आणि मी सोळावा आहे, तेव्हा मी बाकावर बसणार हे नक्की. आजोबांनी सांगितलंय की स्वेटर घेऊन ये.

ता. क. ३. विमान बदललं म्हणून आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. एवढंच सांगा की रविराजला जर्मनीतल्या एका जुन्या फुटबॉल क्लबने संघात घेतलं. कितव्या, असं विचारेल. तेव्हा गुडघा दुखायला लागला असं म्हणा.