मे क्लाँगला नकार द्यायला गेलो त्याची हकीकत

थोनबुरी, कालव्याकाठचे घर

आदरणीय प्रयून दादा,

कपाळाला हात टेकवून नमस्कार. तुमची सांधेदुखी कशी आहे? नाखोन सावनच्या त्या वैद्याचे तेल लावता की नुसते हुंगून बाटली परत ठेवता? इकडे माझे बरे आहे (कान सोडून, डाव्या कानात अजून चिखल आहे, त्या बाजूने फक्त भांडण ऐकू येते). पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. पुढे रागवायला पुष्कळ जागा आहे, राग तिथे वापरा.

तुम्हाला ठाऊकच आहे की आमच्या ओराथाईने स्वतःचे लग्न स्वतःच ठरवले आणि मला सांगितले ते भात वाढता वाढता. मुलगा बनचोंग. मे क्लाँगला, नदी समुद्राला मिळते तिथे बापाची खाणावळ आहे, ती चालवतो. मुलात खोट शोधायला मी सगळा उन्हाळा घालवला, पण सापडली नाही. खोट एकच, ती म्हणजे तो मे क्लाँगचा आहे आणि लग्नानंतरही मे क्लाँगलाच राहणार. म्हणजे तीही. तिने तिकडच्या शाळेत बदलीसुद्धा मागून ठेवली आहे. तिची आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघेच, आणि सकाळी भात कोणी लावायचा यावरून रोज भांडतो. ती गेली की भांडायलाही कोणी उरत नाही. दादा, खरे सांगतो, मला त्याची भीती वाटते. पण हे तिला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. म्हणून ठरवले, की मुलाच्या बापालाच गाठायचे, सभ्य शब्दांत नकार द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी यायचे.

आता मे क्लाँग आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी सगळा जन्म बँकॉकच्या या थोनबुरीत काढून मी तिथे कधी उतरलो नव्हतो. बँकॉकचा माणूस हुआ हिनला जाताना तो प्रांत झोपेतच ओलांडतो. रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून मी आमच्या बाजारातून वाफवलेल्या बांगड्यांची टोपली घेतली (हसू नका, बाजारवालीने शपथेवर सांगितले की खास मे क्लाँगचे आहेत. मे क्लाँगला मे क्लाँगचेच बांगडे नेण्यात काही चुकते आहे, हे मला माहाचाईची नदी ओलांडून दुसऱ्या गाडीत बसल्यावर सुचले). ओराथाई शेजारी बसून खिडकीबाहेर मिठागरे बघत गाणे गुणगुणत होती. मी नकाराची वाक्ये मनात घोकत होतो. एकाच बाकावर बसून बाप-लेकीने इतके वेगळे विचार कधी केले नसतील.

खाणावळीच्या दारात मुलाची आई उभी होती. नियांगबाई, अंगाने मजबूत, आवाजाने त्याहून. पुढे जे घडले त्यात या बाई महत्त्वाच्या आहेत. त्यांनी टोपली उघडली, एका बांगड्याच्या तोंडाकडे बघितले आणि म्हणाल्या, "व्याहीबुवा, हा लांबुडक्या तोंडाचा. आमचा बांगडा आखूड तोंडाचा असतो. हा बिचारा कुठनं तरी परगावाहून आलाय, तुमच्यासारखा. असू द्या, घरात मांजर आहे."

मांजराचे मी मनावर घेतले नाही. पण पहिल्याच भेटीत व्याहीबुवा! नकाराचे पहिले वाक्य तिथेच वाया गेले.

मुलाचा बाप सानित. खुर्चीत कमी आणि उंबऱ्यावर जास्त बसणारा, शांत डोळ्यांचा गृहस्थ. ओराथाईला खाणावळीत ठेवून त्याने मला गाडीत घातले आणि प्रांत दाखवायला काढला. नारळाच्या बागेत गेलो, तिथे कढईतून उतरलेला गरम गूळ खायला लावला. पोपनसाच्या बागेत गेलो, तिथे सोललेल्या फोडी हातात. मिठागरावर निदान खायला काही नसेल असे वाटले, तर मालकाने मीठ लावून भाजलेला मासा पुढे केला. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या गावचे मीठ तोंडात आहे त्याला तुझा मुलगा नको हे कोणत्या तोंडाने सांगायचे? सानितही अधूनमधून माझ्याकडे बघायचा, ओठ उघडायचा आणि पुन्हा मिटायचा. दिवस निसटत चालला होता आणि माझा नकार पोपनसाच्या फोडींखाली दबून गेला होता.

शेवटी ओहोटी लागली तेव्हा तोच म्हणाला, चला, शिंपल्या धरू. नियांगबाईंनी आम्हाला होडीने समुद्रातल्या वाळूच्या दांड्यावर सोडले आणि गिऱ्हाइके आली म्हणून त्या परत गेल्या. तिथे लांबट शिंपल्या बिळात उभ्या राहतात. काडीला चुना लावून बिळात घालायची, की शिंपली चिडून वर येते. दोन म्हातारे वाकून बिळांना चुना लावत होतो. आजूबाजूला खायला घालणारे कोणी नव्हते. मी मनाचा हिय्या केला आणि न वाकता सांगून टाकले, की हे लग्न मला नको.

सानितने काडी खाली ठेवली. "बरं झालं बोललात," तो म्हणाला. "मलापण नकोय. सकाळपासून सांगायचं म्हणतोय, पण तुम्ही गूळ इतक्या प्रेमाने खात होता."

दादा, तुम्ही म्हणाल, काम झाले, हात मिळवायचे आणि घरी यायचे. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नाही म्हणणे वेगळे. मी बाप आहे. याने नाही म्हणावे? मी विचारले, माझ्या मुलीत काय कमी आहे? तो म्हणाला, तिच्यात काही कमी नाही, पण बँकॉकची मुलगी चार दिवस राहील आणि मुलाला उचलून घेऊन जाईल, मग मी खाणावळीत शिंपल्यांशी बोलू का? आणि माझ्या मुलात काय कमी आहे ते आधी तुम्ही बोला. मग मी माझ्या मुलीची बाजू घेतली, त्याने त्याच्या मुलाची, आणि ज्या दोघांचे लग्न मोडायचे त्यांचे गुण आम्ही घसा बसेपर्यंत एकमेकांना ऐकवले. त्या नादात भरती आली.

आधी घोट्याला गार लागले. मग बघतो तर दांडा अर्धा गेलेला. सानित इथलाच, पण रागाच्या भरात तोही चुकला. जवळची वाट म्हणून आम्ही मऊ गाळात उतरलो आणि मांडीपर्यंत रुतलो. पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली. वर पाणी चढत होते. तिकडे बनचोंगची होडी निघालेली दिसली आणि थबकली, कारण गाळावर पाणी होडीला कमी होते आणि रुतलेल्या माणसाला जास्त.  मग सानितने हात जोडले आणि देवळातल्या उभ्या बुद्धमूर्तीला, लुआंग फोंना, नवस बोलला, की सुटलो तर टोपलीभर उकडलेली अंडी वाहीन. मीही बोललो. (काय बोललो ते नंतर.) त्या वेळी डोळ्यांपुढे मला फक्त ओराथाई दिसत होती, एकटीच भात लावताना.

तेवढ्यात नियांगबाई आल्या. गाळावर घसरायची जी लांब फळी असते, तीवर एक गुडघा टेकलेला, दुसऱ्या पायाने मागे रेटा. आल्या त्याच ओरडत. "चिखलात कुणी उभं राहतं का? आडवे व्हा दोघं!" फळी एकालाच पेलणार होती. सानित म्हणाला, पाहुणे आधी. मी म्हणालो, नाही, तुमचा नवरा आहे तो. नियांगबाईंनी माझी मानगूट धरून वादाचा निकाल लावला.

मी पालथा, कान चिखलात, मागे बघत चाललो होतो. सानित छातीइतक्या पाण्यात उभा होता आणि त्याची टोपी लहान लहान होत गेली.  एवढ्या पाण्यात एकटा माणूस, आणि मी त्याच्यापासून दूर चाललो होतो. मला रडू आले. मी नियांगबाईंना म्हणालो, परत फिरवा, मुलगी दिली, परत फिरवा. त्या म्हणाल्या, "गप पडा, व्याहीबुवा, फळी हलते."

तोवर पाणी होडीला पुरेसे झाले आणि बनचोंगने बापाला काखेत धरून वर ओढला. काठावर ओराथाई माझ्याच गमछ्याने माझ्या कानातला चिखल काढत राहिली. एक शब्द रागाचा बोलली नाही.  सानित माझ्याशेजारी गारठून बसला होता. त्याने मला विचारले, फळीवर काय ओरडत होता? मी म्हणालो, मुलगी दिली म्हणत होतो. त्याने नाक पुसले आणि म्हणाला, "मग मी तरी नाही कशाला म्हणू."

भिक्खूंचा वर्षावास लागण्याआधीचा लग्नाचा मुहूर्त धरला आहे. तुम्ही आठवडाभर आधी या. वाटेत कुठूनही बांगडे आणू नका.

आपला धाकटा,
थवीप

ता. क. नवसाचे राहिले. मला मुलगा असता तर तो भिक्खू होईल असे बोललो असतो. स्वतःला बोलणार होतो, पण माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत आणि लुआंग फोंना खोटे सांगणे बरे नव्हे. घाईत तुमचे नाव निघाले. सानित साक्षीला होता, त्याने देवळात कळवूनही टाकले आहे. भिक्खूपण नऊ दिवसांचेच आहे.

ता. क. दुसरा. होय, केस जातील. भुवयाही. मला माहीत आहे की नाखोन सावनच्या रामवोंगच्या नाचात तुमच्या त्या काळ्याभोर केसांवर किती बायकांचा विश्वास आहे, आणि तो रंग कुठल्या दुकानातून येतो हेही मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

ता. क. तिसरा. तशा अवस्थेत तुम्हाला गावी तोंड दाखवता येणार नाही. ओराथाईची खोली रिकामीच होणार आहे. केस येईपर्यंत इथे राहा. न्हावी म्हणाला, आपल्या वयात ते फार हळू येतात. मी म्हटले, घाई नाही. सकाळचा भात मी लावीन.