कुसुमच्या नावाचं तिकीट

शुक्र., १२ सप्टें.

मामाचा फोन. आईला कमी ऐकू येतं, ती स्पीकरवरच ठेवते, त्यामुळे सगळ्या घराने ऐकला. "कुसुम, मला काही यंदा जमत नाही गं गाडीत बसायला. यंदा तू ये." एवढंच. मग पाच मिनिटं गुडघ्यांच्या गोळ्यांवर चर्चा.

आईने फोन ठेवला आणि भेंडी चिरायला बसली. पाव किलो भेंडी, पाऊण तास.

आईच्या लग्नाला सत्तावन्न वर्षं झाली. करोनाचं एक वर्ष सोडलं तर मामाने एकही भाऊबीज चुकवलेली नाही. बाबांचं दिल्लीत सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर होतं तेव्हाही, आणि बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आर. के. पुरमला आली तेव्हापासूनही. दरवर्षी पुण्याहून ट्रेनने, हातात चितळ्यांची पिशवी, "कुसुम, पाट मांड" म्हणत दारात हजर. आता तो ८२, ही ७८. पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं.

जानेवारीत आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ट्रेन डॉक्टरांनी बंदच केलीय. म्हणजे विमान. २३ ऑक्टो.ला भाऊबीज, २२ला निघायचं. ठरलं.

शनि., १३ सप्टें.

सकाळी चहा घेऊन लॅपटॉपवर तिकिटं बघायला बसले. दिल्ली ते पुणे, दोन जणी. माणशी ६,१००. अरे वा! आईला हाक मारून दाखवलंसुद्धा. पुढे जाते तर सोयीचं शुल्क (कोणाची सोय?), सीटचे वेगळे, बॅगेचे वेगळे, विम्यावर आपोआप टिक, सँडविचवरपण. शेवटच्या पानावर माणशी ९,४००. सगळ्या टिका काढून परत पहिल्या पानावर आले, तर तिथे आता ७,३००. पाच मिनिटांत.

सरोजिनी मार्केटात कोणी असा भाव फिरवला असता तर मी त्याला दुकानासकट रडवलं असतं. इथे भांडायला समोर कोणी नाहीच.

बुध., १७ सप्टें.

'ज्येष्ठ नागरिक' या चौकोनात टिक केली. तिकीट ४०० रुपयांनी महागलं. टिक काढली, उतरलं. दोनदा करून पाहिलं. इरा म्हणाली, "मम्मा, ग्लिच आहे यार, सोड." लेकीला एकोणिसाव्या वर्षी सगळं सोडता येतं. मला नाही येत.

'फक्त २ सीट शिल्लक' हे शनिवारपासून लिहिलेलं आहे. त्या दोन सीट कोणी घेत नाही आणि संपतही नाहीत.

ऑफिसात खन्नाजींचा सल्ला: "मॅडम, मंगलवार को देखिए, और हर बार हिस्ट्री डिलीट करके." त्यांनी स्वतः शेवटचं तिकीट कधी काढलं विचारलं. "बेटा करता है."

मंगळ., २३ सप्टें.

मंगळवार. हिस्ट्री पुसली. ८,९००.

रवि., २८ सप्टें.

संजूचा फोन, मामाचा मुलगा. मामा त्याच्याचकडे असतो. म्हणाला, "ताई, दोन्हीकडून लावून धरू. ज्याला आधी स्वस्त मिळेल त्याने काढून टाकायचं." हे बरं झालं. एकटीने स्क्रीनकडे बघून चिडण्यापेक्षा दोघांनी चिडलेलं बरं. त्याला ८,०००च्या खाली दिसलं की मला मेसेज, मला दिसलं की त्याला. पोचेपर्यंत वर गेलेलं असतं.

 मी लॅपटॉप मिटला की आई माझ्या तोंडाकडे बघते.

शनि., ४ ऑक्टो.

मिळालं! पण कसं ते लिहून ठेवते.

दुपारी साडेबाराला सेल. ५,८००. दोघींची नावं, वयं, सगळं भरलं. कार्ड. ओटीपी आला, टाकला. गोल फिरायला लागलं. फिरतंय. फिरतंय. 'आपले सत्र समाप्त झाले आहे.' पैसे कापले गेल्याचा मेसेज मात्र लगेच आला. तिकीट नाही, पैसे सात कामाच्या दिवसांनी परत, आणि कार्डाची मर्यादा संपलेली.

संजूला फोन लावून ओरडलेच. "तू काढ! आत्ता! २२ची सकाळची, मी आणि आई, आई सीनियर, ७८!" अकरा मिनिटांनी त्याचा मेसेज, दोन तिकिटं, ५,८००ची. मी सोफ्यावरून उठून अक्षरशः नाचले. इराने व्हिडिओ काढला, तो डिलीट करायला लावायचाय.

आईला सांगितलं.  तिने इराकडून माळ्यावरचं चांदीचं निरांजन काढून घेतलं आणि पितांबरीने घासायला बसली. भाऊबीज अजून एकोणीस दिवसांवर.

सोम., ६ ऑक्टो.

ऑफिसात प्रिंट काढली आणि तेव्हा नीट वाचली. माझं नाव बरोबर. खाली आईचं आडनाव बरोबर, वय बरोबर. नाव: कुसुम.



आईच्या आधारवर वसुधा आहे. पेन्शनवर, बँकेत, रेशन कार्डावर, सगळीकडे वसुधा. कुसुम हे माहेरचं. लग्नात बाबांच्या घरी बदललं ते बदललं.

संजूला फोन.  तो म्हणाला, "ताई... अगं कुसुमआत्याचं नाव कुसुमच नाही का? घरात कधी कोणी दुसरं म्हटलंच नाही." रागावणार तरी काय. मामाने सत्तावन्न वर्षांत एकदाही तिला वसुधा म्हटलेलं नाही. त्या घरात तिचं लग्न झालंय, नाव बदललेलं नाही. मी नाव सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. दोघंही महामूर्ख.

बुध., ८ ऑक्टो.

विमान कंपनीचं कॉल सेंटर. चाळीस मिनिटं सनई, मग एक मुलगी. गोड बोलत होती, म्हणून जास्त राग आला.

"मॅम, स्पेलिंग में तीन लेटर तक करेक्शन हो सकता है."

"पूरा नाम बदलना है."

"मॅम, शादी के बाद सरनेम चेंज होता है, उसका प्रोविजन है. फर्स्ट नेम तो चेंज नहीं होता ना."

"हमारे यहाँ दोनों होता है."

"अच्छा?" पोरीला खरोखरच नवल वाटलं. मग म्हणाली, कॅन्सल करून नवीन काढा. यातलं परत काही मिळणार नाही. नवीन आज १६,८००, एकीचं.

ठेवला. पाणी प्यायले. परत लावला. दुसरा मुलगा, तेच उत्तर. तिसऱ्यांदा लावला तेव्हा ईमेलचा पत्ता तरी काढून घेतला.

गुरु., ९ ऑक्टो.

आईपासून किती दिवस लपवणार. संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं घाबरेल. ती म्हणाली, "मग चुकलं काय त्यात? माझंच नाव आहे."

इराला हे प्रकरणच ठाऊक नव्हतं. "आजी, तुझी दोन नावं? कसं काय?"

आईने सांगितलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले होते, बाबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं.

"तुला विचारलं होतं?"

"विचारतात का कधी? ताट समोर आलं, मी वाचलं, तेव्हा मला कळलं."

"मग त्या राइसचं काय केलं?"

"काय करणार, दुसऱ्या दिवशी भातात घातले."

इरा हसली, आई हसली. मला हसू येईना. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, पोरीने दोन मिनिटांत विचारला. आणि दुसरं म्हणजे, तांदळात लिहिलेल्या नावाचा दाखला आणू कुठून? लग्नपत्रिकेवर कुसुम, आधारवर वसुधा, मधे काहीच नाही.

आईने नवीन तिकिटाला साफ नकार दिलाय. "सोळा हजार घालून आले तर त्यालाच घास गिळवणार नाही." मामाला मी ओळखते, खरं आहे ते.

शनि., ११ ऑक्टो.

सुट्टी. सकाळपासून बाबांची ट्रंक उपसली. मीही सरकारी, तेही सरकारी. आमच्या जातीचा माणूस कागद टाकत नाही एवढ्या विश्वासावर.

मिळालं. दुपारी तीनला. त्यांच्या नोकरीच्या कागदांत कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म, त्यांच्याच अक्षरात, खाली साहेबाची सही, गोल शिक्का. 'पत्नी: वसुधा (विवाहापूर्वीचे नाव कुसुम).' कंस बाबांनी स्वतः घातलाय. फॉर्ममध्ये तशी जागाच नव्हती, दोन ओळींच्या मधे बारीक लिहिलंय.

आईला दाखवलं. चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, परत वाचलं. म्हणाली, "हे मला कधी बोलले नाहीत." मग बराच वेळ कागद मांडीवर. मला जरा रडू आलं, पण ट्रंकेतल्या धुळीच्या नावावर खपवलं.

मंगळ., १४ ऑक्टो.

अर्धा दिवस रजा. कोर्टाबाहेरच्या नोटरीकडून प्रतिज्ञापत्र. तो म्हणाला, "वसुधा उर्फ कुसुम लिख दूँ?" म्हटलं, उर्फ नको, चोर-दरोडेखोर वाटतं. 'एक ही महिला के दो नाम' असं लिहून घेतलं.

घरी येऊन रीतसर फाइल केली. चोवीस वर्षं मंत्रालयात दुसऱ्यांच्या फाइली चालवल्या, ही घरची. वर एका पानाची टिप्पणी. फ्लॅग क: शाळेचा दाखला. फ्लॅग ख: लग्नपत्रिका. फ्लॅग ग: बाबांचा फॉर्म. फ्लॅग घ: प्रतिज्ञापत्र. फ्लॅग ङ: आधार. हिरव्या टॅगने बांधली. इरा म्हणाली, "मम्मा, तू सीरियसली आजीची फाइल बनवलीस?" हो, बनवली. सगळं स्कॅन करून कंपनीला ईमेल.

शनि., १८ ऑक्टो.

चार स्मरणपत्रांनंतर उत्तर. 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे. मूळ कागदपत्रांसह विमानतळावर संपर्क साधावा. प्रवासाची परवानगी संबंधित अधिकाऱ्यांच्या निर्णयावर अवलंबून राहील.'

असली वाक्यं मी स्वतः लिहिते. याचा अर्थ हो कोणी म्हटलेलं नाही आणि नाही म्हणायचीही कोणाची हिंमत नाही. म्हणजे जायचं. उत्तराची प्रिंट काढून फ्लॅग च लावला.

संजूला म्हटलं, मामाला यातलं काही सांगू नकोस. तो म्हणाला, "बाबांनी पाट धुऊन ठेवलाय ताई."

बुध., २२ ऑक्टो., विमानतळ

सकाळचे साडेसहा. दाराबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय.

कॅबमध्ये आईला तीनदा पढवलं. नाव विचारलं की वसुधा सांगायचं, बाकी मी बोलेन. ती हो हो म्हणाली. व्हीलचेअर मिळाली. मांडीवर निरांजनाची पिशवी. दारावरच्या जवानाने तिकीट पाहिलं, आधार पाहिलं, परत तिकीट पाहिलं. वाकून नीट विचारलं, "माताजी, आपका नाम?"

आईने त्याच्याकडे मान वर करून बघितलं. म्हणाली, "कुसुम."

मी फाइल उघडली. त्याने दोन पानं उलटली आणि साहेबांना बोलवायला गेला.

साहेब आलेत. मुच्छड, पन्नाशीचे. उभ्यानेच वाचतायत. टिप्पणी वाचली. क, ख भराभर उलटले. आता ग वर थांबलेत, बाबांच्या कंसावर बोट ठेवून. मागे रांग लांबतेय, कोणीतरी "चलो भई" म्हणतंय. साहेब मान वर करत नाहीत.

आणि आत्ताच फोन वाजला. आईचा, स्पीकरवर, नेहमीसारखा, अख्ख्या दाराला ऐकू जाईल असा. "कुसुम! बसलीस का गं विमानात?"

साहेबांनी मान वर केली.

आईने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय सांगू त्याला?"

म्हटलं, "सांग, निघालेय."