जोगाई टेकडी प्रत्यक्ष चढल्याबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी,
गिरी ट्रायथलॉन संयोजन समिती,
नागपूर.

अर्जदार : जितेंद्र देवराव धकाते, वय ४६, स्पर्धक क्र. ३१७, मु. पो. खापा, ता. सावनेर, जि. नागपूर.

विषय : निकालपत्रात अर्जदाराच्या नावापुढे लिहिलेला 'फसवणूक' हा शब्द काढून टाकणेबाबत. (दुसरा अर्ज)

संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, दि. ११ फेब्रुवारी २०२६.
२) समितीचे तीन ओळींचे उत्तर, दि. २० फेब्रुवारी २०२६.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सविनय कळवितो की,

१. अर्जदार हा कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. तो कोणी नामांकित खेळाडू नाही. पोहणे तो खाप्याला कन्हानच्या पात्रात शिकला, सायकल कामावर जाता-येता शिकला, आणि धावणे चाळिशीनंतर पोट सुटले म्हणून सुरू केले. दि. ८ फेब्रुवारी रोजीच्या आपल्या स्पर्धेत तलावातले साडेसातशे मीटर पोहणे त्याने पार पाडले, त्यापुढची वीस किलोमीटर चढउताराची सायकलही पार पाडली. त्याबद्दल समितीचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते फक्त धावण्यातल्या जोगाई टेकडीच्या दोनशे बारा पायऱ्यांबद्दल.

२. स्पर्धकाजवळची चिप जमिनीवरच्या पट्टीवरून गेली की वेळ नोंदवणाऱ्या समितीच्या यंत्रानुसार स्पर्धक क्र. ३१७ हा टेकडीच्या पायथ्याच्या पट्टीवर ९.४८ वाजता आला, वरच्या देवळाच्या अंगणातील पट्टीवर आलाच नाही, आणि १०.०७ वाजता पुन्हा पायथ्याच्या पट्टीवरून पुढे पळाला. यावरून समितीने असा निष्कर्ष काढला की, अर्जदार एकोणीस मिनिटे खाली सावलीत बसला आणि टेकडी चढल्याचे भासवून निघून गेला. वेळनोंदणी प्रमुख श्री. पंकज यांनी तर फोनवर विचारले की, रस पिला का खाली बसून. अर्जदाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

३. अर्जदाराचा साधा प्रश्न आहे. ज्याला फसवायचेच आहे, तो एकोणीस मिनिटे खाली कशाला बसेल? तो पट्टीवर पाय देऊन तसाच वळून पळणार नाही का? चोरी करायची आणि वर वेळही घालवायचा, एवढा बावळट अर्जदार नाही.

४. खरी हकीकत अशी. अर्जदाराच्या घरी तीन पिढ्या हातमाग होता. वडील कै. देवराव मागाच्या खड्ड्यात पाय सोडण्याआधी चपला अंगणात काढत. देव आणि माग, दोघांपुढे पाय उघडाच पाहिजे, हे अर्जदाराच्या अंगात लहानपणापासून मुरलेले आहे. पायरीवर जोडा घालून चढायचे नसते. आपल्या बाकीच्या स्पर्धकांनी बूट घालून देवळाच्या अंगणात धाव घेतली, ते त्यांचे त्यांच्यापाशी. अर्जदाराचे पाय पहिल्या पायरीशी आपोआप थांबले. त्याने जोडे काढले आणि तिथे हारफुले विकणाऱ्या अंजनाबाईंच्या टोपलीशेजारी ठेवले. धावत्या स्पर्धेत हे करायला नको होते असे आता सगळे म्हणतात. त्या वेळी अर्जदाराच्या मनात विचारसुद्धा आला नाही. विचार आला असता तर चिप आठवली असती.

५. कारण समितीने दिलेली बोटभर चिप अर्जदाराने जोड्याच्या लेसमध्ये ओवली होती. पायाला बांधायचा पट्टा सकाळी पाण्यातून निघतानाच तुटला होता, आणि समितीच्याच माणसाने सांगितले की लेसमध्ये घाला, चालते. त्यामुळे अर्जदार वर गेला आणि चिप खाली अंजनाबाईंजवळ राहिली. वरच्या पट्टीवर अर्जदाराचे दोन्ही उघडे पाय पडले. पट्टीला माणसाचे पाय कळत नाहीत, त्यात पट्टीचाही दोष नाही. अर्जदाराने घंटा वाजवली, हात जोडले आणि उतरला. उतरताना डाव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला, तो काढण्यात वेळ गेला, तरी अर्धा आत राहिलाच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी काढलेला तो अर्धा काटा पुडीत बांधून सोबत जोडला आहे. खाली सावलीत बसणाऱ्याच्या पायात देवळाच्या वाटेवरचा काटा कसा जाईल, हेही समितीने पाहावे.

६. अंजनाबाई साक्ष द्यायला तयार आहेत. पण समितीने उत्तरात कळवले की, सदर बाई नेमलेल्या पंच नसल्याने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. तीस वर्षे ती बाई त्या पायऱ्यांशी बसते. कोण चढला, कोण अर्ध्यातून परतला, हे तिच्याइतके आपल्या कोणत्याही यंत्राला माहीत नसेल.

७. म्हणून अर्जदाराची विनंती आहे की, त्याला फेरचढाईची संधी द्यावी. मतांची फेरमोजणी होते, तर पायऱ्यांची का नाही? समिती म्हणेल त्या दिवशी, म्हणेल त्या उन्हात, अर्जदार आधी पोहून, सायकल मारून मग टेकडी चढेल. एक चिप उजव्या पायाला, एक डाव्या पायाला, एक गळ्यात, एक मनगटाला बांधावी, आणि तरीही शंका असेल तर श्री. पंकज यांना त्याच्या पाठीवर बसवावे, अर्जदार त्यांनाही वर नेईल. पदक नको, क्रमांक नको, अर्जदाराला फक्त तो शब्द नको आहे.

८. तो शब्द का नको, हे सांगणे भाग आहे. अर्जदाराची मुलगी कु. हिमानी ही बारावीत आहे आणि अर्जदारापेक्षा कितीतरी चांगली धावते. पाच वर्षे बापलेक रोज पहाटे पाचला अंगणातून सोबत निघत होते. आपल्याच समितीची २९ मार्चची कुमार गट टेकडी धाव तिने जिंकावी, अशी अर्जदाराची फार इच्छा आहे. तिने प्रवेश अर्ज १४ मार्चपर्यंत भरायचा आहे. अद्याप भरलेला नाही. निकालपत्र आल्यापासून ती पहाटे उठत नाही, तिचे जोडे पलंगाखाली गेले आहेत, आणि बापाशी ती जेवायला या, एवढेच बोलते. हिमानीची आई उत्तरा हिने समजावून पाहिले. मुलीचे मन काही वळले नाही.

९. ती आठवीत असताना शाळेच्या शर्यतीत तिने मैदानाचा एक कोपरा कापला होता. कोणी पाहिले नाही, तिला ढाल मिळाली. दोन दिवस ती ढाल आमच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला टांगलेली होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच बापाला खरे सांगितले, तेव्हा अर्जदार तिला घेऊन शाळेत गेला आणि ढाल परत करायला लावली. पोरगी रडत होती. अर्जदार तिला म्हणाला होता, "घरात ठेवशीन तर रोज दिसन." खिळा मात्र तसाच राहिला, आणि दि. ८ फेब्रुवारीला घरी आल्यावर अर्जदाराने आपले पदक त्याच खिळ्याला टांगले. निकाल आला त्या संध्याकाळी हिमानीने ते काढून बापाच्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाली, "तुम्ही तर मले ढाल वापस करायले लावली होती, बाबा."

१०. महोदय, येथवरचा अर्ज परवाच लिहून झाला होता. सही तेवढी राहिली होती. दोन दिवस अर्जदार पेन हातात घेतो आणि ठेवतो. आता जे लिहायचे आहे ते लिहिल्याशिवाय सही होणार नाही, असे दिसते.

संदर्भ क्र. १ च्या अर्जात अर्जदाराने लिहिले होते की, चिप जोड्यात राहिल्याचे त्याला निकाल लागेपर्यंत ठाऊकच नव्हते. हे खोटे आहे. टेकडी उतरून जोडे घालताना चिप बोटाला लागली, आणि त्याच क्षणी अर्जदाराच्या सगळे लक्षात आले. तो लेस हातात धरून तसाच उभा राहिला. अंजनाबाईंनी विचारले, "काहून थांबला गा?" तो म्हणाला, काही नाही. स्पर्धेची मुदत संपायला अजून तासाभराच्या वर वेळ होता. जोडे हातात घेऊन तो पुन्हा वर जाऊ शकत होता. पण तळव्यात काटा होता, मांड्या भरून आल्या होत्या, आणि पुन्हा दोनशे बारा पायऱ्या चढायला जीव होत नव्हता. त्याने मनाशी म्हटले, देवीने पाहिले आहे, आणखी कोणाला दाखवायचे आहे? त्याने लेस बांधली आणि तो पळाला.

शेवटच्या रेषेवर हिमानी उभी होती. तिच्या मोबाइलवर बापाची प्रत्येक नोंद दिसत होती. तिने घाम पुसायला टॉवेल दिला आणि विचारले, "बाबा, वर नोंद झाली होती ना?" अर्जदार म्हणाला, "झाली. मशीन हळू राह्यते." मग त्याने मान वाकवून पदक घालून घेतले.

महोदय, अर्जदार टेकडी चढला, हे जोगाईशपथ खरे आहे. पण पोरीला वाईट वाटले ते टेकडीबद्दल नाही. ती बापाला एकच गोष्ट विचारून बसली होती, आणि त्याने तिच्या तोंडावर खोटे सांगितले. समितीचा शब्द चुकीच्या जागी लागला आहे, एवढेच अर्जदार आता म्हणू शकतो. लाज वाटते, महोदय. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला हे सरकारी कागदासारख्या कागदावर लिहावे लागते, कारण घरात बोलायला तोंड उघडत नाही.

११. सबब, परिच्छेद ७ मधील फेरचढाईची मागणी अर्जदार मागे घेत आहे. सुधारित विनंती अशी की, निकालपत्रातील 'फसवणूक' हा शब्द काढून त्या जागी पुढील मजकूर लिहावा : "टेकडी चढला. चिप जोड्यात राहिली. कळल्यावरही सांगितले नाही." एवढा मजकूर रकान्यात मावत नसेल, तर आहे तो शब्द राहू द्यावा, अर्जदाराची हरकत नाही. फक्त कु. हिमानी हिच्या प्रवेश अर्जाची मुदत दोन-चार दिवस वाढवता आली तर पाहावे. तिने बापापायी माघार घेऊ नये.

आपला नम्र, आणि या प्रकरणी यापुढे तक्रार न करणारा,

(सही)
जितेंद्र देवराव धकाते
खापा, दि. ९ मार्च २०२६

सोबत :
१) डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
२) बाभळीचा काटा, अर्धा, पुडीत.
३) अंजनाबाईंचे निवेदन, अंगठ्यासह. (आता गरज नाही, पण त्यांनी मनापासून दिले म्हणून जोडले.)
४) स्पर्धेचे पदक, फितीसह. परत.

प्रत माहितीसाठी :
कु. हिमानी जितेंद्र धकाते, राहणार वरीलप्रमाणे, आतली खोली. दाराखालून सरकवली आहे. पोच घेण्यासाठी अर्जदार उद्या पहाटे पाच वाजता अंगणात उभा राहील.