न चिकटवलेलं पाकीट

प्रिय खारूताई,

चिठ्ठ्या आणि पेन्सिलींचे तुकडे दप्तरात साठवायचीस म्हणून वर्गाने तुला दिलेलं हे नाव मला अजून सोडवत नाही. अकरा वर्षांनी माझं पत्र पाहून दचकशील. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, विभागात पोचेपर्यंत जिन्यात दोनदा थांबते. पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. आपल्या इतिहास विभागातला पंखा अजून फिरतो, फक्त वारा देत नाही.

तू विमा कंपनीत दाव्यांचे अर्ज तपासतेस, हे तुझ्या मावशीकडून कळलं. त्या बसथांब्यावर भेटल्या होत्या. म्हणाल्या, मान मोडून काम करते, पण हल्ली घरी एक पुस्तक उघडत नाही. ते मला फार लागलं.

शेवटच्या वर्षी अभिलेखागारातून तारीख नसलेल्या पत्रांचा गठ्ठा आणला होता, आठवतो? सगळ्या वर्गाने हात टेकले. तू मात्र आठवडाभर एकेक कागद खिडकीशी उजेडात धरून बसलीस आणि कागदाच्या आत उमटलेली, तो बनवणाऱ्या गिरणीची खूण पाहून साल काढलंस. मी "छान" म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.

मग त्याच अभिलेखागारात जागा निघाली. तू आणि तुझा वर्गमित्र, वर्गात सतत वाद घालणारा आपला वकीलसाहेब, दोघं शिफारसपत्र मागायला आलात. आमची पद्धत तुला ठाऊक आहे. पत्र पाकिटात घालायचं, पाकीट चिकटवायचं, जोडावर सही करायची. उमेदवाराने ते वाचायचं नसतं. तुम्हा दोघांनाही मुलाखतीला बोलावणं आलं नाही. वकीलसाहेबाला निदान काकांच्या दुकानाचा आधार होता. तू माझ्या दारात उभी राहून विचारलंस, "मॅडम, माझं काय चुकलं?" मी वहीतून डोकंही वर काढलं नाही. "आपल्या विषयात नोकऱ्याच कुठे आहेत? दुसरं काहीतरी बघ," म्हणाले. तू मान डोलावलीस आणि गेलीस.

गेल्या महिन्यात एका चर्चासत्रात अभिलेखागाराचे माजी प्रमुख भेटले. चहा पिताना हसत म्हणाले, तुमची ती दोन पत्रं आम्ही विसरणार नाही. एकाच दिवशी आली, अक्षर न् अक्षर सारखं, फक्त नावं वेगळी. समितीने दोन्ही अर्ज बाजूला ठेवले. ते मजेने सांगत होते. मी कप तसाच ठेवून उठले.

खरं आहे ते. माझ्याकडे एक ठरलेलं पत्र होतं. मेहनती, नम्र, वक्तशीर. वर्षानुवर्षं नाव बदलून तेच देत आले. आणि वक्तशीर? तू एकदाही वेळेवर आली नाहीस, खारूताई. मुलांना नोकऱ्या मिळवून देणं हे माझं काम नव्हे, मी शिकवते, असं मी सहकाऱ्यांना ठणकावून सांगायचे. पण माझ्या वर्गातलं कोण काय करू शकतं, हे बाहेरच्या माणसाला माझ्याशिवाय कोण सांगणार होतं? तिथेच मी अंग चोरलं. याची मला लाज वाटते. हल्ली प्रत्येक मुलाला समोर बसवून त्याचं काम वाचते आणि मगच पत्राला हात घालते. तुला त्याचा काय उपयोग, म्हणा.

लिहायचं कारण आता सांगते. अभिलेखागारात पुन्हा जागा निघाली आहे. वयाची अट नाही, अर्जाला अठरा दिवस उरलेत. सोबत तुझ्यासाठी लिहिलेलं शिफारसपत्र आहे, तीन पानांचं. त्यात ती खिडकी आहे, ती गिरणीची खूण आहे, आणि तू उशिरा येतेस हेही आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. आधी तू वाच. मग पाठव, नाहीतर फाडून टाक, तो हक्क तुझा आहे. पण दारात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढं ठेवून घे. तुझं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं ते माझं.

या वेळी स्वतःच उशिरा पोचलेली,
तुझीच,
मॅडम