औषधाच्या कपाटाची किल्ली

मी, सेवकराम गोविंदा डोंगरवार, वय सदुसष्ट, धंदा मोटारपंप दुरुस्ती, राहणार मौजा सालईटोला, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या दुकानातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातला नाही, कोणी पाजले नाही. पाजणारे होते ते माझ्याआधीच गेले. छाती मात्र ठिकाणावर नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तीन नळ्या बंद सांगितल्या असून येत्या सोमवारी, १५ सप्टेंबरला, ती उघडायची आहे. मी आयुष्यात हजारो मोटारी उघडल्या आणि बसवल्या. दहातल्या एकीत तरी एखादा नट टेबलावर उरतोच. डॉक्टरांचेही तसेच असेल, या भीतीने हे लिहून ठेवतो. याच्या आधीचा माझ्या नावाचा कोणी कागद दाखवला, तर तो मी केलेला नाही असे समजावे.

१. घर, परसबाग आणि इटियाडोहच्या कालव्याखालची सव्वा एकर धानाची बांधी माझी पत्नी शकुंतलाबाई हिची. पोस्टात जे असेल तेही तिचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्या पश्चात सर्व मुलगा स्वप्निल याचे. परंतु ती असेपर्यंत "आई, आता नागपूरले चल" म्हणून तिला कोणी घरातून उठवू नये. जायचे असेल तर ती स्वतः सांगेल. सांगण्यात ती कधी मागे पडली नाही.

२. मोटार बांधायचे, म्हणजे वाइंडिंगचे, मशीन, पुलर, पाने आणि इतर सर्व अवजारे श्यामलाल मेश्राम यांना द्यावी. ते माझ्याकडे अकरा वर्षांपासून आहेत. त्यातला लांब पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) मी रविवारीच त्यांच्या हाती दिला. त्याची हकीकत अशी, की मी चौदा वर्षांचा असताना गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कोंडा झाडायला लागलो. मिलचा मिस्त्री पेचकसाचे टोक चालू मोटारीला लावायचा आणि मूठ कानाला. मी एकदा तसे करून पाहिले आणि म्हटले, "मागची बेरिंग जाऊन राहिली." मिस्त्री हसला. तिसऱ्या दिवशी मिल बंद पडली. त्या दिवसापासून झाडू सुटला आणि पेचकस हातात आला. जे काही कमावले ते या दोन कानांनी. शाळेचा त्यात फारसा हात नाही.

३. आता दुकानाची जागा. ही बस स्टॉपसमोर आहे आणि स्वप्निलच्या डोळ्यात आहे. मोबाइल शोरूमवाल्याशी त्याचे बोलणे चालू आहे, हे मला त्याने सांगितले नाही. सूनबाई आचलने फोनवर आवाज खाली करून "बाबा, तुम्ही काळजी करू नका" म्हटले, तेव्हाच मी समजलो की काळजी करण्यासारखे काही आहे. जागा स्वप्निलची होईल, ते मी नाकारत नाही. अट एकच. मागच्या भिंतीतले लोखंडी कपाट जिथे आहे तिथे राहील आणि त्याला रोज सकाळ-संध्याकाळ बाहेरून वाट राहील.

नवीन वाचणाऱ्यासाठी सांगतो. या कपाटात बेचाळीस कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्याला एका घराचे कुलूप आहे आणि बाहेरच्या दाराला माझे. धानावर फवारायचे औषध गावातली बेचाळीस घरे आपल्या घरात ठेवत नाहीत, इथे ठेवतात. सकाळी यायचे, त्या दिवसापुरते न्यायचे, संध्याकाळी उरलेले परत आणायचे. दोन किल्ल्या लागल्याशिवाय कप्पा उघडत नाही. म्हणजे ज्याला औषध पाहिजे, त्याला एका माणसासमोर उभे राहावेच लागते. सगळे काम त्या उभे राहण्यातच होते. मी "कसा आहेस" असे कधी विचारत नाही, कारण त्याचे उत्तर "बरा" हेच येते. मी विचारतो, काल जेवला का, झोप लागली का, घरात कोण कोण आहे. आवाजात खरखर वाटली तर खुर्ची देतो, चहा सांगतो, आणि मग सरळ विचारतो: जीव द्यायचा विचार येतो का? ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी हे शिकवले तेव्हा मी त्यांच्याशी भांडलो होतो. म्हटले, "म्याडम, असं इचारलं तं नसलेला इचार येईन ना माणसाच्या डोक्यात!" त्या म्हणाल्या, "नाही येत भाऊ. असलेला बाहेर येतो." सात वर्षांत मी अनेकांना विचारले. त्यांचेच बरोबर निघाले. ज्याचे उत्तर "हो" आले त्याला मी एकटे सोडले नाही. घरच्यांना बोलावले, १४४१६ या मदतीच्या नंबरला फोन लावून दिला, रुग्णालयापर्यंत सोबत गेलो. उपचार मी करत नाही. तिथपर्यंत पोचवतो.

हे लिहिता लिहिता उठून कपाटाचे कुलूप पाहून आलो. लागलेले आहे. एक तासात तिसऱ्यांदा पाहिले.

४. दुकानाच्या कोपऱ्यात एक लोखंडी पहार उभी आहे. ती माझी नाही. ती टिकाराम कापगते याची. टिकाराम आमच्या गावतलावाचा पाणकर होता, म्हणजे तलावाचे तुडूम उघडून बांधीबांधीला पाणी वाटून देणारा. तलाव आमच्या वाडवडिलांनी बांधला आणि वाटणी टिकारामच्या घरात सहा पिढ्यांची. ती गेली आणि पाणीवाटपाची समिती आली. त्याची झोप गेली. कारण एवढेच होते असे मी म्हणत नाही. माणूस एका कारणाने मोडत नाही. पण आठ-नऊ महिने तो रोज या दुकानात बसून कुरकुरायचा आणि मी मोटार बांधता बांधता हुंकार द्यायचो. मग एक दिवस दाढी करून, धुतलेला शर्ट घालून आला. कुरकुर नाही. हसला. "भाऊ, हे पहार ठेव. तुज्या कामाची हाये."

मी खूश झालो. आमच्या धंद्यात खरखर थांबली म्हणजे मोटार दुरुस्त झाली. गिऱ्हाइकाला फोन करायचा, घेऊन जा म्हणायचे. मी माणसालाही तेच माप लावले. शकुंतलेला घरी जाऊन सांगितले, "टिकाराम सुधरला." तो दुसऱ्या दिवशी गेला.

शांत झालेला आणि आपल्या वस्तू वाटत सुटलेला माणूस सर्वांत आधी थांबवून विचारायचा असतो, हे मला नंतर शिकवण्यात आले. ती पहार समितीने नेमलेल्या आजच्या पाणकराला द्यावी. माझ्या घरी नेऊ नये.

५. साडभाऊ दुलीचंद परशुरामकर यांना माझा रेडिओ काल देऊन टाकला. हे गृहस्थ पाच वर्षे मला चारचौघांत "पागलायचा डाक्टर" म्हणत आले. "त्याच्या दुकानात चहा प्याल तं पोरीचे लग्न नाही जुरनार" हे वाक्यही त्यांचेच. दोन घरांनी तेवढ्यासाठी कप्पे परत केले, ते पुढे दुसऱ्यांनी घेतले. आता उद्या तालुक्याला मानसिक आरोग्याची रॅली आहे आणि बॅनरचा पुढचा बांबू दुलीचंद धरणार आहेत, असे कळते. धरू द्या. रेडिओ यासाठी दिला की दुसऱ्याचे बोलणे मधे न तोडता ऐकायची सवय कुठून तरी सुरू व्हावी. माफ केले, असे अजून लिहवत नाही. सोमवारनंतर वाचलो तर पाहू.

६. माझ्या टेबलाच्या खणातली निळी वही कोणी उघडू नये. तिच्यात नावे आहेत. ती शकुंतलाबाईने चुलीत घालावी आणि जळेपर्यंत तिथेच बसावे.

७. भिंतीवर माझ्या नावाचे सन्मानपत्र टांगले आहे. त्याबद्दल खरे लिहितो. कपाट माझ्या डोक्यातून निघाले नाही. टिकाराम गेल्यावर त्याची बायको रुख्माबाई वर्षभर माझ्याशी बोलली नाही आणि त्यात तिची चूक नव्हती. मग एक दिवस दुकानात आली, औषधाची बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "हे तुमच्यापाशी ठेवा. माह्या घरात पोरगी हाये." दुसऱ्या आठवड्यात तिच्या सांगण्यावरून आणखी चार बाया आल्या. मी फक्त पत्रा कापला आणि वेल्डिंग केले. सत्काराच्या वेळी मात्र माझे नाव घेतले गेले आणि मी हार घालून घेतला. सन्मानपत्र उतरवावे.

८. कपाटाची किल्ली माझ्यानंतर ................ यांना द्यावी.

ही जागा कोरी आहे आणि त्यामुळे मला चार रात्री झोप नाही. फवारणीचे दिवस आहेत. एक दिवस कपाट बंद राहिले तर लोक औषध घरी नेतील, आणि एकदा घरी गेलेले परत येत नाही. श्यामलाल भला माणूस, पण समोरच्याचे बोलणे संपायच्या आत उपाय सांगतो. आशा कार्यकर्त्या प्रेमिलाताई लंजे यांच्याकडे आधीच इतकी रजिस्टरे आहेत की आणखी एक ठेवायला त्यांच्या घरात फळी नाही. स्वप्निल म्हणतो, "बाबा, डिजिटल लॉक लावून देतो." मी म्हटले, "बापू, ते विचारन का रातच्याले जेवला का म्हणून?" रुख्माबाईचे नाव तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. जिच्या घरात हे घडले, तिला रोज त्या दारासमोर कसे बसवू? मरणाऱ्याने असे ओझे कोणावर टाकू नये.

येथवर सकाळी लिहून झाले.

९. हे कलम त्याच दिवशी दुपारी जोडले. साक्षीसाठी प्रेमिलाताई आणि रुख्माबाई यांना बोलावले होते. वरील सर्व, खोडलेल्या नावासकट, मी मोठ्याने वाचून दाखवले. प्रेमिलाताई सहीला तयार झाल्या. रुख्माबाईने पेन घेतला आणि परत टेबलावर ठेवला.

"भाऊ, सही मंग करीन. एक सांगा आधी. तीन दिवसांपासून तुमी वाटून राहिले. श्यामलालले पेचकस, दुलीचंदले रेडिओ. थे बी हासून हासून. काऊन?"

"अवो, आपरेशन हाये म्हणून! दुनिया मृत्युपत्र करते."

"सोमवारी हाये ना?"

"वाचलं ना आत्ता."

"मले आचलनं सांगतलं. तारीख दोनदा पुढं ढकलली, थे दवाखान्यानं नाही, तुमी. वैनीले तुमी दवाखान्यानंच ढकलली म्हणून सांगतलं. आन आज सकारी पुन्हा फोन लावला होता का नाही?"

लावला होता. सातव्या कलमानंतर. दुकानाबाहेर श्यामलालने मोटार चालू केली होती. प्रेमिलाताईंनी उठून ती बंद करायला सांगितली. रुख्माबाईने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"जीव द्याचा विचार येते का तुमच्या मनात? हो का नाही, तेवढं सांगा."

हा प्रश्न मी इतक्यांना विचारला. मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटले, "मेल्यावर सांगतो." ती हसली नाही. प्रश्न पुन्हा विचारला. शेवटी मी बोललो ते जसेच्या तसे इथे नोंदवतो, कारण मृत्युपत्रात खोटे राहू नये. मी म्हणालो, "जीव द्यायचा विचार नाही. पण तारीख ढकलत राहावी, आन एक दिवस आपोआपच सरून जावं, असं वाटते. कोनाले दोष नाही, कोनाले खर्च नाही. पोळ्यापासून रोज वाटते."

"बरं केलं सांगतलं," एवढेच ती म्हणाली. उपदेश केला नाही, रडली नाही. मग म्हणाली, "आता वैनीले बोलावतो. तुमीच सांगा, मी हाये इथंच."

शकुंतलाबाई आली. मी सांगितले. तिने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "खोटं बोलाले सरम नाही वाटली? ब्याग मी भरतो. फोन दे इकडे." तिने नागपूरला स्वतः फोन करून सोमवारची तारीख कायम केली. प्रेमिलाताईंनी समुपदेशक बाईंना फोन लावला आणि मी त्यांच्याशी वीस मिनिटे बोललो. काय बोललो ते कागदावर आणत नाही. जाण्याच्या दिवसापर्यंत घरात कोणी ना कोणी माझ्याजवळ राहील, असे तिघींनी मला न विचारता ठरवले.

त्यानंतर मी पेन घेतला आणि आठव्या कलमातल्या कोऱ्या जागी रुख्माबाईचे नाव घालू लागलो. तिने माझा हात धरला. "मले ओझं होईल का नाही, हे तुमी मले न विचारताच ठरवलं? द्याची तं आत्ता द्या. तुमी मरायची वाट कोन पाहून राहीन? संध्याकाळी लोकं येतीन ना औषध ठेवाले."

म्हणून आठवे कलम या मृत्युपत्रातून रद्द करीत आहे. कपाटाची किल्ली माझ्या मागे ठेवायच्या वस्तूंत धरू नये. ती आज दुपारी चार वाजता मी जिवंत असताना हातोहात दिलेली आहे.

ज्याच्या हाती काही दिले त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील सांगतात. अवजारे श्यामलालची असल्यामुळे त्यालाही घेता येत नाही. म्हणून दुसरे साक्षीदार म्हणून समोरच्या किराणा दुकानातून देवचंद गहाणे यांना बोलावून आणले. त्यांनी हा कागद वाचला नाही, फक्त मला सही करताना पाहिले. तेवढेच त्यांचे काम होते.

ठिकाण: सालईटोला
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

लिहून देणार: सेवकराम गोविंदा डोंगरवार (सही)

साक्षीदार:
१. प्रेमिला लंजे, आशा कार्यकर्ती, सालईटोला (सही)
२. देवचंद गहाणे, किराणा दुकानदार, सालईटोला (सही)

सौ. शकुंतलाबाई हजर होत्या. श्रीमती रुख्माबाई टिकाराम कापगते सहीच्या वेळी हजर नव्हत्या. कपाटासमोर बांधीवरून परतलेल्या लोकांची रांग लागली होती, त्या तिकडे बसल्या होत्या.